गलाईमामांची बंगाली चिठ्ठी

विट्याचे गलाईमामा पारखल्याशिवाय काहीही घेत नसत. उभं आयुष्य कोलकात्यात सोनं गाळण्यात गेलेलं, त्यामुळे खिशात कसोटीचा दगड आणि डोळ्यांत संशय कायमचा. माझ्या साखरपुड्यात अंगठी त्यांनी सगळ्यांदेखत दगडावर घासली. "चांगली हाय," म्हणाले आणि मगच पेढा तोंडात टाकला. सासरे अजून ते विसरलेले नाहीत.

गावी परतल्यावर त्यांचा मुक्काम माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असे. स्वतःचा फोन मात्र बटणांचा. "ह्यो पडला तरी फुटत न्हाई," असं मलाच ऐकवायचे.

अशा खमक्या माणसाची एकच हळवी जागा होती, कोलकात्याची घरमालकीण. मामा तिला मासी म्हणत. नवखे असताना तिनं त्यांना जेवू घातलं, बंगाली शिकवलं. आणि भट्टी बंद करून निघताना हा बहाद्दर तिला न सांगताच आला. "रडली असती ती. मीबी." मासी अशी रुसली की फोनच उचलेना. तिला दिसायचं कमी; आलेले संदेश तिचा फोन वाचून दाखवायचा. म्हणून मामांनी माझ्या फोनला बंगालीत चिठ्ठी सांगितली, त्यानं ती लिहून घेतली. अनोळखी नंबरचे संदेश मासी ऐकत नसे, म्हणून ती मामांच्या नंबरावरून जायला हवी होती.

माझ्या फोनवर अक्षरं सुबक होती. मामांच्या फोनवर पोचताच जोडाक्षरं सुटी झाली. 'क्षमा'मधला क्ष तर पार मोडला. पाय मोडका क एकीकडे, ष दुसरीकडे.

"डाख सुटलाय रं," मामा म्हणाले. डाख म्हणजे दागिन्याचा सांधा. "असला माल मी कुणाला दिला न्हाई."

"मामा, आत अक्षरं तीच आहेत. जोडून दाखवणं ज्या त्या फोनचं काम. मासींच्या फोनला जमेल."

"बघितल्याबिगर कसं म्हणू?"

"मग फोटो काढून पाठवू?"

"फोटू तिचा फोन वाचत न्हाई."

बरेच दिवस ते माझ्यावर डाफरत राहिले. मग मासीची तब्येत बिघडल्याचं तिच्या नातवाकडून कळलं, तेव्हा मामांनी दुकानात बसून डोळे मिटले आणि बटण दाबलं. न पारखता दिलेला त्यांचा तो पहिला माल.

थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात बंगालीचा भडिमार सुरू झाला. मामा स्टुलावरून उठून उभे राहिले आणि नुसतं "हॅं मासी, हॅं मासी" करत राहिले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

फोनवर हात ठेवून मामा म्हणाले, "शिव्या देतीया. लय शिव्या देतीया." आणि गालावरचं पाणी तसंच ठेवून पुन्हा ऐकू लागले.