बांधालगतचं मडकं

नव्या माठात पहिलं पाणी ओतलं, की ओल्या मातीच्या वासाबरोबर मला पंचगंगेकाठचं एक शेत आठवतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी उत्खननाच्या कामावर नुकताच लागलो होतो. शेताची मालकीण रोज आमच्यासाठी चरवीभर ताक आणायची आणि हसत म्हणायची, “पावणं, सोनं घावलं तर निम्मं आमचं हाय बरं का!” एका सकाळी बांधालगत तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी निघाली. फार प्राचीन काळी तान्ही मुलं अशी पुरत. पण नांगराच्या फाळानं वरचं मडकं फुटलं होतं आणि इवली हाडं आजूबाजूच्या मातीत विखुरली होती. ती बघून मालकीण खड्ड्याच्या कडेला येऊन बसली. तिचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं आणि याच बांधाला पुरलं होतं. “माझं न्हाय न्हवं?” तिनं विचारलं. हाडं मडक्यातली की मागाहून पुरलेली, हे त्या उलथलेल्या मातीवरून कळत नव्हतं, तरी मी ठासून म्हणालो, “न्हाय मावशी, हे हजारो वर्षांमागचं.” ती उठून घरी गेली, वाटीभर दूध घेऊन आली आणि ते खड्ड्याशी ठेवत म्हणाली, “कुणाचं का असंना, लेकरूच हाय की.” दुपारी कापसात गुंडाळलेल्या हाडांची पेटी मी उचलली, तेव्हा ती एवढंच बोलली, “हळू धरा, पावणं.” माझ्या त्या ‘न्हाय’ची खात्री मला तेव्हा नव्हती, आजही नाही, भरलेला माठ मात्र मी अजून दोन्ही हातांनी, अगदी हळू खाली ठेवतो.