सदर रस्त्याची पाटी

फिर्याद करणारी : एका विणकराची बायको, वय तीस-बत्तीस, राहणार उमरेडकडून येताना इतवारीच्या अलीकडे, उमरेडच्या रस्त्याला लागून असलेली कोष्ट्यांची वस्ती.

फिर्याद कोणावर : पहिली, उमरेडहून रोज सकाळी उतारू घेऊन येणारी सर्व्हिस मोटार व तिचा चालक. दुसरा, ही हकीकत लिहिणारा अर्जनवीस.

दिवस व वेळ : उन्हाळ्यामुळे कचेरी सकाळची झाली, त्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार, उन्हं रस्त्यावर उतरत होती त्या सुमारास.

साक्षीदार : बाईचा म्हातारा सासरा, एक टांगेवाला, सदर भागात पाट्या रंगवणारा एक रंगारी.

नावे मुद्दाम घातलेली नाहीत. वस्तीतले लोक आजही त्याच रस्त्याने चालतात आणि तीच मोटार त्यांच्या अंगावर येते. माझे नाव मात्र संकोचामुळे गाळले आहे, हे कबूल करतो.

मी कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसतो. शाळा मराठी चौथीपर्यंत झाली; पुढचे शिक्षण हाकिमांचे शेरे वाचून मी स्वतः केले. माझा अर्ज कोणत्याही टेबलावर पडला की कारकून अक्षर पाहून ओळखतो, हा निंबाखालचा. ‘सबब’, ‘उपरोक्त’, ‘मेहेरबान’ हे शब्द मी जिथल्या तिथे बसवतो. त्यांतही ‘सदर’ हा शब्द माझ्या विशेष मर्जीतला. घर असो, विहीर असो की भांडखोर सासू असो, एकदा तिचा उल्लेख झाला की पुढे ‘सदर सासू’ एवढे लिहिले म्हणजे घरातले भांडण कायद्याच्या हद्दीत येते, अशी माझी खात्री होती. याच नावाचा एक भाग आपल्या शहरात आहे, तिथे साहेब लोकांचे बंगले आणि दुकाने आहेत, हे मला माहीत नव्हते असे नाही. मी रोज त्याच बाजूला कामाला जातो. पण अर्ज लिहिताना तो भाग माझ्या मनात कधी आला नाही.

आता रस्त्याविषयी. माझ्या लहानपणी उमरेडच्या रस्त्यावर धुळीत बैलगाड्या चालत. गाडीवान झोपलेला असला तरी बैल माणूस पाहून थांबत. पुढे खडी पडली, रूळ फिरला, रस्ता दुप्पट रुंद झाला आणि ती सगळी रुंदी मोटारींच्या वाट्याला गेली. पायी चालणारा गटाराच्या काठावर आला. मोटारीला नंबर असतो, तिची नोंद असते. चालणाऱ्याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही. असा विचार पहिल्यांदा माझ्या मनात आला तो बाई माझ्यासमोर येऊन बसली त्या दिवशी.

कोष्ट्यांचे काम रस्त्यावर का चालते, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे सूत, विणण्याआधी खळ लावून कडक करावा लागतो. त्याला पांजण म्हणतात. त्यासाठी ताणा बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांवर, लांबलचक पसरतात. एवढी लांबी कोणाच्या अंगणात नसते, म्हणून पिढ्यान् पिढ्या तो रस्त्याच्या कडेने पसरला जातो. दोघे जण दोन बाजूंनी कुंचा फिरवत चालतात. एक घराच्या बाजूने, एक रस्त्याच्या बाजूने. आणि एकदा खळ लागली की थांबता येत नाही. सुकत असताना कुंचा थांबला तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात बाईचा नवरा रस्त्याच्या बाजूने चालत होता. मोटार आली तेव्हा त्याने कुंचा सोडला नाही. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला आणि हाड तिरपे जुळले. मागाच्या पावड्या दाबणे त्याला आता जमत नाही. तो दारात बसून विणायच्या सुताच्या कांड्या भरतो, जे काम आजवर त्याची बायको करत असे. बायको मागावर बसते आणि पांजणाला रस्त्याच्या बाजूने चालते. तिला काही झाले तर त्या घरात मागावर बसणारे कोणी उरत नाही.

ती सासऱ्याला घेऊन आली होती. मी दौत उघडून विचारले, “काय लिहायचं?”

“मोटारवाल्याले म्हणा, आमच्या दारातून हळू जाय.”

“अर्ज असा होत नाही, बाई. नीट सांगा. मोटार येते कशी?”

“कशी येते म्हंजे? आंगावर येते.”

“वेग किती असतो?”

“तुमी एक डाव उभे राहून पाहा ना जी. मंग लिवा किती ते.”

सासरा मागून म्हणाला, “काहून तरास देतं वं बाबूजीले? त्यायले का रस्त्यावर पांजण करा लागते?”

मी दुर्लक्ष केले आणि लिहायला घेतले. सुरुवातीला वस्तीचे आणि रस्त्याचे पूर्ण वर्णन एकदाच घातले, आणि मग नेहमीप्रमाणे सदर रस्ता, सदर मोटार, सदर अर्जदार. शेवटची मागणी मला आजही पाठ आहे : ‘सबब सदर रस्त्यावर मोटारी हळू हाकण्याचा हुकूम व्हावा व तशा पाट्या लावण्यात याव्यात.’ मी ती दोनदा वाचून दाखवली.

बाई म्हणाली, “यात आमच्या वस्तीचं नाव कुठी हाय?”

“वर आहे. खाली सदर म्हटलं की तेच.”

“मंग खालीबी नावच लिवा ना.”

“तसं लिहीत नाहीत.”

हाकिम शेवटचा परिच्छेद तेवढा वाचतात, हे मी स्वतः नव्या अर्जनवीसांना शिकवत आलो आहे. त्या दिवशी ते मला आठवले नाही.

काही आठवड्यांनी उत्तर आले : सदर रस्त्यावर ‘मोटार हळू चालवा’ अशा पाट्या लवकरच लावण्यात येतील. मी ते घेऊन स्वतः वस्तीत गेलो. लोकांनी बाज टाकली, चहा आणला. मी उभा राहून उत्तर वाचले, ‘सदर’ या शब्दावर जोर देऊन. नवरा दारातून हात जोडून बघत होता.

नवऱ्याचा अपघात झाल्यापासून सासरा रोज सकाळी काशाची थाळी घेऊन रस्त्याच्या वळणावर उभा राहत असे. लांब धूळ दिसली की तो थाळी बडवी, आणि पांजण करणारे सगळे ताण्याखालून वाकून घरांच्या बाजूला येत. मी चहा संपवून त्याला म्हणालो, “आता ही थाळी घरात ठेवा. तुमच्या जागी सरकार उभं राहील.”

“खरंच ठेवू जी?”

“मी सांगतो ना.”

त्याने थाळी ठेवली.

त्या गुरुवारी एका वकिलाच्या कागदांची नक्कल करायची म्हणून मी उजाडण्याआधीच सदरला गेलो होतो. काम आटोपून कचेरीकडे निघालो, हातात छत्री आणि कागदांची पत्र्याची पेटी. बंगल्यांच्या रस्त्यावर एक रंगारी खांबावर ताजी पाटी रंगवत होता. मी सहज वर पाहिले. मोटार हळू चालवा.

“ही पाटी इथं कशी?”

“हुकूम हाय जी.”

“हुकूम उमरेडच्या रस्त्याचा आहे!”

“मले कागद देला, त्यात सदर लिवलं हाय. सदर म्हंजे सदरच ना? का तुमच्याकडं सदरले इतवारी म्हन्तेत?” आणि आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला. मागे फाटकाशी साहेबाचे कुत्रे उन्हात पसरले होते.

मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते वळण होते आणि वळणावर कोणी उभे नव्हते. पांजण सुरू झाले असणार. सर्व्हिस मोटार दुसऱ्या कंपनीच्या मोटारीआधी इतवारीचे उतारू उचलायचे म्हणून याच वेळेला सुसाट येते.

टांगा पकडला. टांगेवाल्याने विचारले, “कुठी आग लागली का बाबूजी?” मी म्हणालो, “हाक.” घोडा चांगला होता. पण इतवारी आली तशी धान्याच्या खासरांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, रस्ता अडलेला. टांगेवाला ओरडत होता, गाडीवान त्याला उलट शिव्या देत होते. मी खाली उतरलो आणि धावलो. या वयात, धोतराचा सोगा हातात धरून. लोक बाजूला होऊन बघत होते. पेटी मांडीवर आपटत होती.

वस्ती दिसली. रस्त्याच्या कडेने तीन ताणे पसरलेले होते आणि तिघी बाया रस्त्याच्या बाजूने कुंचे फिरवत होत्या, वळणाकडे पाठ करून. मला मोटार दिसत नव्हती, पण वळणामागे धूळ उठली होती.

मी ओरडलो, “बाई! ओ बाई!”

कोणीही वळून पाहिले नाही. तिथे सगळ्याच बाया. तिचे नाव घ्यायला तोंड उघडले आणि नाव आठवेना. मीच ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिले होते. दुसऱ्या ओळीपासून ती ‘सदर अर्जदार’ झाली होती. भोंगा वाजला, तोही वळण ओलांडल्यावर. घराच्या ओट्यावर सासरा रिकाम्या हातांनी उठून उभा राहिला. मी छत्रीच्या मुठीने पत्र्याची पेटी बडवायला सुरुवात केली. जेवढे बळ होते तेवढ्याने.

तो आवाज त्यांना माहीत होता. थाळीचा नव्हता, तरी कासं काय अन् पत्रा काय, अंग त्या आवाजाला शिकलेले होते. तिघी एकदम वाकून ताण्याखालून घरांच्या बाजूला गेल्या. बाईने कुंचा सोडला नाही. तो हातात घट्ट धरूनच ती खाली वाकली. मोटारीच्या चाकावरच्या पत्र्याने तिच्या ताण्याची शेवटची कैची उचलून फेकली. अर्धा ताणा ओल्या खळीसकट धुळीत पडला. चालकाने मागे वळून पाहिले आणि मोटार पुढे निघून गेली.

बाई उठली आणि उरलेल्या अर्ध्या ताण्यावर कुंचा फिरवू लागली. सुकत होता तो. कुंचा सरळ चालत होता. मी तिच्या शेजारून चालत चालत सगळे सांगितले : सदर म्हणजे काय, रंगाऱ्याने काय वाचले, पाटी कुठे लागली, तिथे पसरलेले साहेबाचे कुत्रेसुद्धा. सांगायचे नाही असे धावताना ठरवले होते. पण मला पाणी द्यायला ती घरात सांगत होती, ते ऐकून राहवले नाही.

ती ताण्याच्या टोकाला पोहोचली, मग बोलली. “म्हंजे सायबाच्या कुत्र्यापाशी मोटार आता हळू जाते?”

“हो.”

“मी म्हनलं होतं, नाव लिवा.”

“म्हणाला होतात.”

सासरा आत गेला आणि थाळी घेऊन आला. ती त्याने माझ्यापुढे धरली. “घ्या बाबूजी. तुमाले बरी वाजवा येते.”

आजूबाजूच्या बाया हसल्या. नवरा हसला नाही. तो काठी टेकत बाहेर आला होता आणि धुळीतले धागे एकेक करून वेगळे होतात का ते बोटांनी पाहत होता. ते होत नव्हते.

दुसरा अर्ज मी त्याच ओट्यावर बसून लिहिला. बाई सांगत गेली, मी उतरवत गेलो. प्रत्येक वाक्यात रस्त्याचे नाव, वस्तीचे नाव, तिचे नाव. वळणाच्या आधी पाटी हवी. वळण ओलांडण्यापूर्वी भोंगा वाजवलाच पाहिजे. पांजणाच्या वेळेत वस्तीपुढून मोटार बैलाच्या चालीने जावी. गटाराच्या बाजूला चालणाऱ्यांसाठी मुरमाची एक पट्टी असावी, जिच्यावर चाक येणार नाही. एवढेच. मला तो अर्ज ओबडधोबड वाटला, तरी मी त्यात एकही शब्द सुधारला नाही.

तो दाखल करताना टेबलावरचा कारकून म्हणाला, “हे प्रकरण तर निकाली निघालं. पाट्या लागल्या ना.”

“सदरला लागल्या.”

“अर्जात काय होतं?”

“सदर.”

“मग?” असे म्हणून त्याने अर्ज ठेवून घेतला. त्यानंतर मी तीनदा स्मरणपत्र दिले आहे.

सासरा पुन्हा वळणावर उभा राहतो. त्याला आता लांबची धूळ नीट दिसत नाही. ज्या दिवशी त्याला ताप असतो त्या दिवशी कचेरीआधी मी उभा राहतो. थाळी त्याच्याकडेच असते; मी माझी पेटी वाजवतो, तिचा एक कोपरा चेपला आहे. अशा सकाळी बाई रस्त्याच्या बाजूने चालताना दर थोड्या वेळाने मान वळवून माझ्याकडे पाहते. पूर्वी सासऱ्याकडे ती अशी पाहत नसे.

तेव्हा ज्यांच्या हाती शहरातले रस्ते आहेत, त्यांच्या समोर ही हकीकत साक्षीदारांसह ठेवत आहे. माझ्या चुकीबद्दल माझ्यावर जो ठपका ठेवायचा तो ठेवावा. तो मला मान्य राहील. परंतु माझ्या चुकीची शिक्षा कोष्ट्यांच्या वस्तीपुढच्या उमरेडच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांनी भोगू नये. दुसऱ्या अर्जावर निर्णय व्हावा आणि त्याचे लेखी उत्तर पावसाळ्यापूर्वी मिळावे. उत्तरात रस्त्याचे नाव पुरते लिहावे, एवढी विनंती आहे.