रिकामी परडी

देवरूखजवळच्या वाडीत विमलाबाईंच्या दारावरून कुणी रिकाम्या हाताने गेलं, असं कधी झालं नाही. परसात पहिलं काही धरलं की आधी शेजारी वानवळा. कुणी मागितलेला नसतो म्हणूनच तो वानवळा. मागून नेली की ती नुसती भाजी!

त्या अंगणात घसरून पडल्यावर मुलगा गुरुप्रसाद त्यांना रत्नागिरीच्या फ्लॅटवर घेऊन आला. तिथे बाईंच्या पायाला भिंगरीच लागली. खिडकी, ओटा, दार, पुन्हा खिडकी. कुणाला काही द्यायचंच नाही, तर दिवस घालवायचा कसा?

अखेर गावाहून एसटीने तवशी आली, चांगल्या हातभर लांब गावठी काकड्या. बाईंनी लगेच परडी भरून समोरच्या राजश्रीची बेल दाबली.

"आम्ही मागवलं नव्हतं हो. किती द्यायचे?"

"इकायला नाय आनलं गो. वानवळा हाय."

राजश्रीने हसून ठेवून घेतलं. पण संध्याकाळी परडी दाराच्या कडीला अडकवलेली, धुतलेली आणि रिकामी. वाडीत परडी परत येते ती निदान चिमूटभर साखर घेऊन. रिकामी येते फक्त संबंध तोडलेल्या घरातून.

"सकाळच्या गाडीने मी घरला चालले," त्यांनी सुनेला सांगून टाकलं.

"आई, त्यांना ही रीत माहीत नसेल," वेदिका म्हणाली.

"रीत काय शिकवाया लागते?"

तणतणत त्या पिशवी भरायला बसल्या. कॉटखालून एक खोका निघाला. आत मऊ चपला. पुन्हा घसरू नये म्हणून वेदिकाने पहिल्याच आठवड्यात आणलेल्या. तेव्हा आपण काय म्हणालो होतो? 'मी कुठं मागितल्या?' आणि खोका पायाने आत सरकवला होता.

विमलाबाईंना मनापासून लाज वाटली. राजश्रीने निदान ठेवून तरी घेतलं. आपण तेवढंही केलं नव्हतं.

पिशवी तशीच टाकून त्या स्वयंपाकघरात आल्या.

"वेदिका, ते मोठं तवसं किस गो. गूळ-रवा घालून गोड धोंडस करू. समोर पन दिऊया."

"परडी पुन्हा रिकामी आली तर?"

"येवं दे," विमलाबाई म्हणाल्या. मग पायांकडे बघत पुटपुटल्या, "चपला बऱ्या बसल्या हां."