नऊपर्यंत मोजणारे साडूभाऊ

जालना जिल्ह्याच्या वाट्याला जेवढी म्हणून भीती आली आहे, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या साडूभाऊंनी उचलली आहे आणि उरलेल्या निम्म्या भीतीत आम्ही बाकीचे सगळे कसेबसे भागवतो. साडू हे नातं तसं निरुपद्रवी. लग्नाकार्यात शेजारी बसावं, सासुरवाडीच्या मानपानाबद्दल मिळून कुरकुरावं आणि आपापल्या घरी जावं, एवढंच त्याचं काम. पण मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी अंबडहून पहिल्या एसटीने जालन्याला जातो तो या माणसासाठी. बायको म्हणते, तुम्हाला तिथं पोहे चांगले मिळतात म्हणून जाता. तेही खरं आहे.

साडूभाऊ एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. म्हणजे आपण जे फुकट करतो, त्या घाबरण्याचा त्यांना पगार मिळतो. दिवसभर लालभडक सळया सापासारख्या पळताना पाहायच्या आणि कोण कुठे उभा आहे, कोणाच्या पायात बूट नाहीत, यावर ओरडत राहायचं. ड्यूटी संपली की ही भीती गेटवर ठेवून यायची असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ते घरी बल्ब बदलतानासुद्धा हेल्मेट घालतात. पंख्याच्या बरोबर खाली कधी बसत नाहीत. लग्नात पंगत कुठेही असो, हे मांडवाच्या दाराशी, कारण "आग लागली का सगळ्यात पयले दार सापडलं पायजे." स्कूटरवर मागे बसलो की मलाही हेल्मेट आणि वर सूचना, "पाहुणे, गच्च धरा. खड्डा आला का सांगतो." जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत ते दर दहा पावलांवर सांगतात, त्यामुळे खड्ड्यांपेक्षा सूचनांचेच हादरे जास्त बसतात.

अशा माणसाला छंद कसला असावा? टपाल तिकिटं जमवण्याचा असता तर मी समजू शकलो असतो, तरी कागदाने बोट कापतं म्हणून त्यांनी तोही सोडला असता. पण नाही. साडूभाऊंना वेड आहे ते मुष्टियुद्धाचं, आणि त्यातही हेवीवेट मुष्टियुद्धाचं. आमच्याकडे कुस्तीचा फड कळतो, क्रिकेट तर लंगोटातल्या पोरालाही कळतं, पण हेवीवेट म्हटलं की जालनेकराला जाड सळई आठवते. बॉक्सिंगवर तासभर बोलू शकणारी दोनच माणसं गावात आहेत. एक साडूभाऊ आणि दुसरे जुन्या जालन्यातले त्यांचे दोस्त, कापडवाले शेठ. मी तिसरा, पण मी फक्त ऐकतो.

सातासमुद्रापार शनिवारी रात्री होणारी लढत आपल्याकडे रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला येते. टीव्ही लागतो, आवाज मोठा होतो, आणि पहिली घंटा झाली की साडूभाऊ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजकडे तोंड करून उभे राहतात. आजवर त्यांनी एकही ठोसा डोळ्यांनी पाहिलेला नाही. पाहतात त्या आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. मांडीवर मेथीची जुडी, नजर टीव्हीवर.

"काय करून राह्यला गं?" फ्रिजकडून प्रश्न येतो.

"काय न्हाई. फिरून राह्यलेत गोल गोल."

"आता?"

"डाव्या हातानं मारलं. नाकावर."

"आई गं!" असं म्हणून साडूभाऊ स्वतःचं नाक धरतात.

पहिल्या वर्षी ताईंना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता त्या काडी मोडता मोडता म्हणतात, "पाचव्या राउंडपासून पाय जड झालेत ह्याचे. दोन राउंडात बसतंय बघा खाली." आणि तो बसतो. मराठवाड्यात हेवीवेटची त्यांच्याइतकी जाणकार बाई दुसरी नसेल, पण हे त्यांना सांगितलं तर त्या मलाच मेथी निवडायला बसवतील.

कोणी खाली बसला की साडूभाऊंचं खरं काम सुरू होतं. रिंगमधला पंच पडलेल्यापुढे दहा आकडे मोजतो. तेवढ्यात उठला तर लढत चालू, नाही तर संपली. साडूभाऊ फ्रिजकडे तोंड करून पंचाबरोबर मोजतात, पण नऊपर्यंतच. दहा हा आकडा त्यांच्या तोंडून कधी येत नाही. विचारलं तर म्हणतात, "दहा म्हणायचं काम पंचाचं. आपण कशाला कुणाला संपवायचं?" ही सवय पुढे इतकी वाढली की काहीही पडलं तरी ते मोजतात. कपाटावरून डबा पडो, नवरदेवाचा फेटा पडो. एकदा आमच्या सासूबाई मोरीत घसरल्या. आम्ही सगळे धावलो, आरडाओरडा केला, आणि साडूभाऊ दारात पांढरेफटक पडून उभे, "एक... दोन... तीन..." सासूबाई चारला उठल्या त्या निव्वळ संतापाने. जावयाला काही बोलता येत नाही म्हणून त्यांनी बादलीला शिव्या दिल्या.

दुपारी आम्ही शेठच्या दुकानात जायचो. पांढऱ्या चादरीची गादी, मागे भिंतभर कापडाचे तागे, आणि गादीवर भांडायला तयार बसलेले शेठ. दोघांचे दोन चॅम्पियन. खरी नावं दोघांच्याही जिभेला झेपत नसल्यामुळे त्यांनी त्यांची बारशी केलेली होती. लांब हातांचा, दुरूनच टोचून बेजार करणारा तो शेठचा 'उंट', आणि बुटका, रुंद, एका ठोशात निजवणारा तो साडूभाऊंचा 'घण'. दोघांकडे वेगवेगळे किताब होते, आणि दोघांची एकमेकांशी लढत काही केल्या होत नव्हती. शेठ कापड मोजायचा लोखंडी मीटर उचलून हवेत भोसकायचे.

"सेफ्टी, हे बघ. उंटानं दोन्ही हात पसरले ना, तर असे दोन मीटर लावून वर बोटभर उरतंय. तुझा घण जवळ येईन कसा?"

"लांबी काय मोजून राह्यले शेठ, हे काय कापड हाये? वजन बघा. सव्वा क्विंटलचा गडी हाये. सोयाबीनची दोन पोती एकदम अंगावर आल्यावर मीटर काय करतंय?"

"बिलकुल न्हाई! बारा राउंड पळवतंय त्याला उंट."

"अन् एक बसला तर?"

गिऱ्हाईक समोर ब्लाउजपीस धरून ताटकळत उभं असायचं. एका बाईंनी वैतागून विचारलं होतं, "तुमच्या भावकीतले हायेत का हो दोघं?" आणि शेठ गंभीरपणे म्हणाले होते, "हाव. लईच जवळचे."

मला वाटायचं, या दोघांना ही लढत कधी होईल असं झालं असेल. शेठना झालंच होतं. साडूभाऊंचं तसं नव्हतं, हे मला लढत जाहीर झाली तेव्हा कळलं. बातमी आल्यावर त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. मग घणाच्या हाताच्या दुखापतीने तारीख पुढे गेली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. मी अंबडच्या कोर्टात कारकून आहे. तारीख पडली म्हणून कपाळ बडवणारे पक्षकार रोज पाहतो, पेढे वाटणारा हा एकच पाहिला.

"पाहुणे," ते मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "ही लढत व्हायलाच नको. भांडण चालू हाये तवर दोघंबी उभे हायेत. एकदा झाली का एक जण आडवा. मंग मी शेठकडं जाऊन बोलू काय? अस्तराचा भाव?"

मी हसलो. तेव्हा हसलो, हे आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

नवी तारीख जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. शेठ खुशीत होते. मीटर घेऊन गादीवर उभे राहिले, उंटाचा डावा हात कसा येतो ते दाखवायला लागले आणि "असा, नाकासमोरून..." एवढं म्हणून गादीवर आडवे झाले. मीटर खणखणत फरशीवर गेला. शेठचे डोळे अर्धवट उघडे होते आणि छाती हलत नव्हती. मी खिशातून फोन काढला तो हातातून सुटला.

आणि साडूभाऊंनी मोजायला सुरुवात केली.

क्षणभर मला त्यांचा भयंकर राग आला. मग पाहिलं तर ते दारात नव्हते. शेठच्या बाजूला गुडघे टेकून, दोन्ही तळवे एकावर एक छातीच्या मध्ये ठेवून, सगळं अंग टाकून दाबत होते. "एक, दोन, तीन, चार... आठ, नऊ. एक, दोन, तीन..." ज्यांनी आयुष्यात ठोसा पाहिला नाही ते शेठच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. "पाहुणे, ॲम्ब्युलन्स! जल्दी!" शेवटी शेजारच्या दुकानदाराने फोन लावला. मोटारसायकली काढून गल्ली मोकळी करेपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. मला फक्त ते नऊ आकडे ऐकू येत होते, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. कितव्या तरी नऊला शेठनी घोगरा श्वास घेतला. मग चादरीत घालून आम्ही त्यांना गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सपर्यंत उचलून नेलं.

दवाखान्याच्या पायरीवर साडूभाऊ आपल्या तळव्यांकडे पाहत बसले.

"तीस मोजायचे असतेत," ते म्हणाले. "ट्रेनिंगला बराबर तीस शिकवलेत. तीस दाबायचे. माझ्याच्यानं नऊच्या म्होरं जाववलंच न्हाई, पाहुणे. मला वाटलं, मी दहा म्हणलं अन् हे खरंच गेले तर?"

मग ते रडले. मीही रडलो. आपल्याकडे साडू साडूच्या गळ्यात पडून रडण्याची रीत नाही, पण तिथे पाहणारं कोणी नव्हतं.

शेठ घरी आले. दुकानाच्याच वर घर, चढायला अकरा पायऱ्या, त्याही उभ्या. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून एकदा हळू उतरा, एकदा हळू चढा, आणि जीव घाबरा होईल असं काही पाहू नका. इकडे साडूभाऊंनी भांडण सोडलं. शेठ काहीही म्हणाले की हे म्हणायचे, "बराबर हाये शेठ. उंटच जिंकंन." तीन रविवार हे ऐकून शेठ खवळले. "भांड की रे! मेल्यावाणी काय बसला? मी पडल्तो, तू कशाला आडवा झाला?" त्या दिवशी साडूभाऊ पुन्हा भांडले, पण एका हाताने शेठची नाडी धरून.

आणि ती लढत शेवटी झालीच. शेठ म्हणाले, पाहणार. साडूभाऊ म्हणाले, पाहायची नाही, ऐकायची. तेव्हा त्या रविवारी सकाळी शेठच्या माडीवर दोघं हेवीवेटचे पंडित टीव्हीकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले. ताई मेथीची जुडी घेऊन टीव्हीसमोर. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वाचायला नव्हे. सात राउंड ताई सांगत होत्या, आवाज अगदी सपाट, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसा. आठव्यात टीव्हीत एकदम गदारोळ झाला.

"पडला," ताई म्हणाल्या.

"कोण?" दोघांनी एकदम विचारलं. दोघांपैकी एकाचीही मान वळली नाही.

ताईंनी मेथीची एक काडी मोडली. टीव्हीतला पंच मोजायला लागला. साडूभाऊंनी मोजायला सुरुवात केली, आणि शेठही त्यांच्याबरोबर मोजायला लागले. सात. आठ. नऊ.

ताईंनी टीव्ही बंद केला.

मग ताई म्हणाल्या, "नऊ झाले. पोहे गार व्हायलेत, खाऊन घ्या."

कोण पडला आणि उठला की नाही, हे आमच्यात एकट्या ताईंना माहीत आहे, आणि त्या मेथी निवडतात. जालन्यात ही बातमी टाळायला कष्ट पडत नाहीत, कारण ती कोणाला नकोच असते. माझ्या फोनवर ती एका क्षणात सापडेल. मी शोधलेली नाही. पूर्वी मी या माणसाच्या भीतीला हसायचो, आता खिशातल्या फोनलाच भितो. दर रविवारी दुपारी गादीवर भांडण रंगतं. शेठ म्हणतात, तुझा घण पडला. साडूभाऊ म्हणतात, उंट पडला, पण नऊला उठला असंल, मी कुठं न्हाई म्हणतो?

मग संध्याकाळी शेठना वर पोहोचवायचं असतं. शेठ एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरतात. साडूभाऊ एक पायरी मागे, दोन्ही हात पसरून, हळू आवाजात मोजत. एक. दोन. पाचवीवर थांबून दम घ्यायचा. नववीनंतर त्यांचा आवाज बंद होतो. उरलेल्या दोन पायऱ्या आम्ही तिघं मुकाट्याने चढतो, आणि तेवढ्या वेळात मला शेठच्या छातीतली घरघर अगदी जवळून ऐकू येते. मला त्या दोन पायऱ्यांची फार भीती वाटते.

वर पोहोचल्यावर शेठ उंबऱ्याशी टेकून उभे राहतात. श्वास जागेवर आला की मागे वळून म्हणतात, "सेफ्टी, मोजणं अर्धंच राह्यलं की रे."

"राहू द्या की शेठ," साडूभाऊ म्हणतात, आणि पसरलेले हात खाली घेत नाहीत.