साडूभाऊंची नवी वायर

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात आमच्या साडूभाऊंइतके कानांचे लाड करणारा माणूस सापडायचा नाही. आणि सासुरवाडीला त्या कानांचं इतकं कौतुक, की ते एकदा चांगले पिळावेत असं मला कायम वाटत आलंय. पेटी शिकलो मी, तुळजापुरात भजनाला साथ करतो मी, आणि गाण्यातलं कळतं म्हणे ते भूमच्या शाळेत क्लार्क असलेल्या या गृहस्थांना! त्यांनी सगळी गाणी आकडे करून म्युझिक सर्व्हर नावाच्या एका डब्यात भरून ठेवलीत. त्या डब्यातल्या आकड्यांचा आवाज करणारा दुसरा डबा म्हणजे कन्व्हर्टर. या दोन डब्यांमधली वीतभर वायर बदलत राहणं हे साडूभाऊंचं जीवितकार्य. वायर फरशीला टेकू नये म्हणून तिच्याखाली पालथ्या पणत्या. ऐकायला बसायचं तर पंखा बंद, फ्रिज बंद, आणि शेजारची पिठाची गिरणी थांबायची वाट बघायची. एकदा मेहुणीनं कुकर लावला होता, तर यांनी शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद केला. आम्ही कच्चा भात खाल्ला. त्यावर आमची ही म्हणते, "दाजींना किती नाद आहे नाही!" मी पेटी काढली की हीच बाई मिक्सर लावते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "पाव्हणं, नवी वायर आलीय. दोघंबी या. लई फरक हाय."

गेलो. माझे सासरे, अण्णा, सोनारीला काळभैरवाच्या देवळात भजन म्हणायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची एक जुनी कॅसेट साडूभाऊंनी साफसूफ करून सर्व्हरमध्ये घातली होती. आधी जुन्या वायरीवर ऐकवली, मग नवीवर. मला दोन्ही वेळा फक्त घाम आला.

"फरक कुठंय?" मी विचारलं.

"दम खावा जरा, पाव्हणं."

तेवढ्यात मेहुणी पुटपुटली, "अण्णा श्वास घेतायत."

"व्हय गं," आमची ही डोळे मिटूनच म्हणाली, "आता खाकरतील बघ." आणि अण्णा खरंच खाकरले. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून रडायला लागल्या. पेटीवाल्या मला मात्र ऐकू आली ती साथीच्या पेटीची एक बेसूर पट्टी. साडूभाऊ मान खाली घालून बसले होते. माझ्या बायकोला तिचे वडील ऐकवले ते या माणसानं! मी आतून नुसता जळत होतो.

परतीच्या एस.टी.त न राहवून विचारलं, "खरंच वायरीनं फरक पडला?"

"वायरीतलं मला काय कळतंय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण अण्णा गेल्यापासून त्यांच्यासाठी मला असं निवांत कुणी बसवलंच नव्हतं."

थोड्या वेळानं ती अण्णांचीच ओळ अगदी हळू गुणगुणायला लागली. कंडक्टर आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कुठलं द्यायचं?"

मी त्याला हळू बोलायची खूण केली.