तांब्याचे घोडे-बोकड घेऊन कतारला

"कुरिअरने पाठव, तू कशाला जातेस?" असं बाबा तीनदा म्हणाले. पण खोक्यात आपटून एखाद्या घोड्याचा कान वाकला तर, या विचाराने मला झोप लागेना. शेवटी मी मुंबई-दोहा तिकीट काढलं.

आमचं नाशिकला तांबटकाम. शाळेत नाव घालायच्या आधी मी घरात हातोडीने पत्रा मठारायला शिकले. हंडे, बंब, घंगाळी हेच आमचं काम. गेल्या उन्हाळ्यात दोहात राहणाऱ्या इंग्रिड नावाच्या स्वीडिश बाईंनी आमची भांडी इंटरनेटवर पाहिली आणि विचारलं, नाताळच्या झाडाला टांगायच्या वस्तू कराल का? त्यांच्याकडच्या लोककलेत लाकडाचे लाल घोडे असतात, गवताचे बोकड असतात, कोंबडे असतात, आणि अंगावर मोठाल्या फुलांची वेलबुट्टी. त्यांनी चित्रं पाठवली. मी पत्र्यातून आकार कापले, छिन्नीने फुलं उठवली आणि तांबं तापवून त्यावर लाल झाक आणली. वार्निश नको, असं त्यांनी बजावलं होतं. बाबांची अट एकच होती: "माल परत आला तर पुढच्या वर्षी हे लाड नाहीत. बंबच करायचे."

चाळीस नग एका पेटीत दोन थरांत बसले. विमान चार तासांचं. दोहाला उतरल्यावर बहुतेक लोक कस्टम्सच्या हिरव्या मार्गिकेतून निघून गेले. मी मात्र विक्रीचा माल आहे म्हणून बिल हातात धरून लाल मार्गिकेत जाऊन उभी राहिले. नाताळच्या वस्तू आहेत म्हटल्यावर काय म्हणतील, हा घोर होताच. अधिकाऱ्याने वरचा कागद थोडा बाजूला केला, एका घोड्याची शेपटी पाहिली.

"खेळणं?"

"नाही, सजावट. टांगायची."

"सगळे घोडे?"

"काही बोकड आहेत," मी म्हणाले. खरं सांगायलाच हवं.

तो हसला. मी जकात भरली, पावती घेतली, आणि तो म्हणाला, "यल्ला, जा." तुम्ही असं काही नेणार असाल तर इंग्रजीतलं, किमतीसह बिल जवळ ठेवा.

मुक्काम अल वक्राला, माझ्या मावसबहिणीकडे, अनघाताईकडे. तिचे यजमान गॅस प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. तिथे डिसेंबरची हवा छान असते, पण समुद्र जवळ, त्यामुळे गाड्यांच्या काचा सकाळी ओल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर मी पेटी उघडली. वरच्या थरातल्या चौदाही नगांच्या कपाळावर हळदकुंकू होतं.

कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरातून नवं भांडं हळदकुंकू लावल्याशिवाय बाहेर जात नाही. निघायच्या दिवशी मी आंघोळीला गेले तेव्हा आईने पाण्यात बोट बुडवून एकेका घोड्याला लावलं, वर कागद घातला आणि पेटी मिटली. भांड्याचं यात काहीच बिघडत नाही, गिऱ्हाईक घासूनच वापरतं. हे कुणी घासणार नव्हतं. मी फडक्याने पुसलं, तर खाली काळपट हिरवा डाग.

अनघाताईची सात वर्षांची इरा वाकून बघत होती. "मावशी, हॉर्सला चिकनपॉक्स झालंय! सो क्यूट."

"गप गं," अनघाताई म्हणाली. "मनू, चिंच-मीठ लाव. दोन मिनिटांत निघेल."

चिंचेने डाग जातो, पण लाल झाकही जाते, हे मला ठाऊक होतं. तरी एका घोड्यावर बोटभर लावून पाहिलं. कपाळ लखलखीत, बाकी घोडा लाल. डाग परवडला.

"मग बोलूच नकोस," ताई म्हणाली. "डिझाइन आहे म्हण. त्या बाईंना काय कळणार? खलास."

खरं सांगते, पाच मिनिटं मी तो विचार केला. माल परत आला तर बाबांची अट होती. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे, त्यांच्या सणाच्या वस्तूला आम्ही आमची पूजा लावली, याचा त्यांना राग आला तर?

दुपारी इंग्रिडबाईंकडे निघाले. अल वक्राहून लाल लाइन, मशेरेबला गाडी बदलून हिरवी लाइन, पुढे अल गराफापर्यंत टॅक्सी. मेट्रोचा एकेरी प्रवास दोन रियालचा. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेवढं बघून निघा. मी मशेरेबला चुकून उलट्या बाजूच्या फलाटावर गेले. दहा मिनिटं वाया गेली, पण गाडीत पेटी मांडीवरून हलू दिली नाही.

इंग्रिडबाई साठीच्या, उंच, बोलणं तुटक. त्यांच्या व्हिलातल्या जेवणाच्या टेबलावर मी आधी वरचा, डागांचा थर मांडला. खालचा चांगला थर आधी दाखवायचा मोह होत होता, म्हणूनच.

"हे काय?"

मी सांगितलं. कुंकू, आई, पाण्याचं बोट, चिंचेचा प्रयोगही. त्या चष्मा लावून एकेक नग उजेडात धरत होत्या.

"हे चौदा मी नाही विकणार," त्या म्हणाल्या. "लोकांना मी लाल घोडे सांगितलेत."

"हो."

"राग नाही आला. पण विकणार नाही."

"हो," मी पुन्हा म्हणाले.

खालचे सव्वीस त्यांनी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात ओळखीच्या लोकांसाठी विक्री होती, मलाही बोलावलं. कॉफी, वेलची घातलेले पाव, आणि सुतळीवर टांगलेली माझी जनावरं. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटून किणकिणत होती आणि दर किणकिणीला मी पोचा पडला का बघायला उठत होते. शेवटी इंग्रिडबाईंनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "तांबं आहे ते, काच नाही."

संध्याकाळपर्यंत दोन कोंबडे उरले. पुढच्या वर्षाचं विचारायचं होतं, पण मी सुतळी गुंडाळत बसले. निघताना त्याच म्हणाल्या, "पुढच्या नाताळला तीस बोकड. कपाळ कोरं."

नाशिकला परतताना मनात एकच घोळत होतं, आईला काय सांगू. समुद्राच्या हवेने डाग पडले, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. चौदा घोडे तिच्यापुढे ठेवले. बाबा काहीतरी बोलणार होते, तिने हाताने थांबवलं. बराच वेळ एका डागावरून बोट फिरवत राहिली. "भांडं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही गं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी जेवली नाही नीट. खरं बोलून मी काय मिळवलं, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही कधीकधी वाटतं.

तीस बोकडांची मागणी होती म्हणून बाबांनी अट सोडली, आणि गेल्या आठवड्यात पहिला बोकड तयार झाला. आई सवयीने करंडा घेऊन आली, आणि बोकडापाशी येऊन थबकली. मग तिने कुंकवाचं बोट माझ्याच कपाळाला टेकवलं.

"तुला धुता येतं," ती म्हणाली.