शास्त्रीबुवांसाठी एक शब्द

अन्नपूर्णाबाई साठे तीस वर्षं मुलींना संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हापासून काशीतल्या मराठी मंडळींचं कुठलंही मानपत्र लिहायचं काम त्यांच्याकडेच यायचं. यंदा ते ढुंढिराजशास्त्री मोघ्यांचं आलं. शास्त्रीबुवा भोसले घाटामागच्या गल्लीत राहत्या घरी वेद शिकवत. माणूस विद्वान, पण कुणी तसं म्हटलं की कानाला हात लावायचा. ‘मी कसला विद्वान, वेदांच्या उंबऱ्यावरची धूळ मी,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मानपत्राचं कळताच त्यांनी बाईंना फोन केला. माझ्याबद्दल काही लिहू नका, संकोच वाटतो, असं चांगलं दहा मिनिटं सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, “लिहायचंच झालं तर शिष्य अडतीस लिहा. मागे पेपरात पस्तीस छापले होते.”

बाईंनी ‘विनयशील’ लिहिलं आणि खोडलं. मग दुसरं काही सुचेना. दांभिक म्हणावं, तर बाईंचे यजमान दवाखान्यात असताना हाच माणूस एकवीस दिवस उशाशी बसला होता. साळसूद म्हणावं, तर साळसुदाच्या पोटात काहीतरी वाईट असावं लागतं. नात रुचा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “आजी, वो बनते हैं, बस.” बनतात म्हणजे उगाच आव आणतात; शब्द नेमका होता, पण हिंदी. मराठीत बनतो तो फसलेला असतो, आणि इथे कोण कुणाला फसवत होतं तेच बाईंना उमगेना.

शेवटी जन्मसाल विचारायचं निमित्त काढून त्या मोघ्यांकडे गेल्या. शास्त्रीबुवा दशाश्वमेधला पूजा सांगायला गेले होते. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी चहा दिला आणि एक जुनी गोष्ट सांगितली. शास्त्रीबुवा नऊ वर्षांचे असताना पाठशाळेत पाहुण्यांसमोर ‘मला येतं’ म्हणून उठले आणि मंत्राच्या पहिल्याच ओळीत स्वर चुकले. गुरुजींनी त्यांना दिवसभर दाराबाहेर उभं केलं. येणारा-जाणारा ‘येतं का रे?’ म्हणून हसत होता.

“तेव्हापासून ‘मला येतं’ हे तोंडातून निघतच नाही,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “पण दुसऱ्यानं म्हणावं, असं फार वाटतं हो त्यांना.”

बाई निघाल्या त्या आणखीच गोंधळून. वाटेत मानपत्र देणाऱ्या मंडळाचे देवव्रत भेटले. मानपत्र झकास होणार, म्हणाले. “छे, चार ओळी खरडते झालं,” असं बाईंच्या तोंडून निघून गेलं. घरी सात कागद फाडून झाले होते. पुढची गल्ली त्या मान खाली घालून चालल्या.

समारंभात त्यांनी वाचलेल्या मानपत्रात विशेषण एकही नव्हतं. शास्त्रीबुवा कुठे शिकले, पहाटे किती वाजता पाठाला बसतात, कोणता शिष्य कुठे शिकवतो, एवढंच होतं. उत्तराला शास्त्रीबुवा उठले, ‘मी कसला’ म्हणाले आणि थांबले. मग ते हात जोडून खाली बसले.

जिन्यात त्यांनी बाईंना गाठलं. “सगळे मला विनयशील म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात.”

“शब्दच सापडला नाही, शास्त्रीबुवा.”

“मलाही नाही,” ते म्हणाले आणि चपला शोधत खाली गेले.

ते दुखावले होते की त्यांना मोकळं वाटलं होतं, बाईंना काही कळलं नाही. घरी आल्यावर रुचानं विचारलं, कसं झालं. शाल घडी करून ठेवत बाई म्हणाल्या, “मालूम नाही ग.”